सुलतानी कोणाच्या खांद्यावर उभी होती?

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता शहाडला रेल्वेमार्ग ओलांडतो आणि पुढे उल्हास नदी पार करून सह्याद्रीच्या दिशेने निघतो. लोकलच्या घाईत असणाऱ्या शहाडकरांना या दिशेचे महत्त्व सहसा जाणवत नाही. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण बंदरात उतरलेला माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत जात असे. बंदर, घाट आणि घाटमाथ्यावरचे किल्ले ज्याच्या ताब्यात, त्याचीच उत्तर कोकणावर सत्ता, हे भूगोलाने ठरवून दिलेले गणित होते. मध्ययुगातील सुलतानांनी ते अचूक ओळखले. आपल्या समाजाला मात्र ते विसरल्याची किंमत तीनशेहून अधिक वर्षे मोजावी लागली.

सुलतानी राजवटींविषयी बोलताना दोन टोके गाठली जातात. एका टोकाला सारा इतिहास केवळ तलवारीचा आणि विध्वंसाचा. दुसऱ्या टोकाला तो केवळ इमारती, संगीत आणि सलोख्याचा. पहिल्या मांडणीत संताप आहे, दुसरीत सोयीस्कर विस्मरण आहे. पण बाहेरून आलेली मर्यादित संख्येची सत्ता एवढ्या विस्तीर्ण मुलुखावर, एवढा दीर्घकाळ टिकली कशी, या मूळ प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकीतही सापडत नाही.

तलवारीने आले, हे खरेच

आरंभ तलवारीनेच झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा रामदेवराव यादव गाफील होता. १३०७ मध्ये मलिक काफूरची स्वारी झाली. १३१८ मध्ये मुबारक खिलजीने हरपाळदेवाला हालहाल करून ठार मारले आणि यादवांचे राज्य संपवले. पाठोपाठ कोकणपट्टीतही दिल्लीचे अधिकारी दिसू लागले. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती धर्मप्रसारकांना तिथल्या काजी आणि मलिकाच्या अंमलात प्राण गमवावे लागले. धर्माच्या प्रश्नावर ही सत्ता किती कठोर होऊ शकत असे, त्याची साक्ष ठाण्याच्याच भूमीवर आहे. जिझिया कर आणि देवळांचा विध्वंस हीदेखील त्या काळाची नोंदलेली वस्तुस्थिती आहे.

परंतु तलवार मुलूख जिंकते, मुलूख चालवत नाही. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली. तो प्रयोग फसला आणि वीस वर्षांतच, १३४७ मध्ये, त्याच दौलताबादेत हसन गंगूने बहमनी राज्याची स्थापना केली. नव्या सत्तेला दिल्लीची कुमक नव्हती. गुलबर्ग्याला बसून सह्याद्रीतील गावोगावचा सारा वसूल करायचा, तर गाव जाणणारी माणसे हवी होती. ती माणसे इथेच होती.

तर्फदार वर, वतनदार खाली

बहमनी राज्याची रचना वरून पाहिली तर सरळ होती. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बीदर असे चार तर्फ आणि प्रत्येकावर एक तर्फदार. फौज त्याची, किल्ले त्याचे, वसूलही त्याच्याच हाती. असा सरदार बलिष्ठ झाला की सुलतानालाच डोईजड होई. महमूद गावान या इराणहून आलेल्या वजिराने हा दोष हेरला. त्याने चार तर्फांचे आठ केले, एका तर्फदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमले, जमिनीची मोजणी सुरू केली आणि प्रत्येक तर्फातील काही मुलूख खालसा केला. राज्यविस्तारातही त्याचीच दृष्टी दिसते. १४५३ च्या सुमारास शिर्क्यांनी बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याला विशाळगडाच्या रानात नेऊन त्याची फौज कापून काढली होती. सह्याद्रीत नुसता घोडदळाचा रेटा चालत नाही, हा धडा गावानने घेतला. १४६९ पासून त्याने कोकणातील किल्ले एकेक करून घेतले आणि १४७२ मध्ये गोवेही जिंकले. पण दक्षिणी आणि परदेशी सरदारांच्या वैरात एका बनावट पत्राचे निमित्त झाले आणि १४८१ मध्ये सुलतानानेच त्याचा शिरच्छेद करवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे पडून पाच शाह्या झाल्या.

या वरच्या मजल्यावर कितीही उलथापालथ झाली, तरी खालचा मजला मात्र हलत नव्हता. परगण्याला देशमुख आणि देशपांडे, गावाला पाटील आणि कुलकर्णी ही वतनी साखळी यादवांच्या मागूनही टिकली. सुलतान बदलला की नवे फर्मान घ्यायचे, नजराणा भरायचा आणि वसूल पुन्हा सुरू करायचा! विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ब्राह्मण कारकून नेमले, ते काही औदार्यापोटी नव्हे. त्याखेरीज कारभार चालणारच नव्हता. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवला आणि मराठा घोडेस्वारांच्या बळावर मोगलांना जेरीस आणले. त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण १६२४ च्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीसाठी लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले, हेही त्याच श्रेयाच्या जमाखर्चात मांडावे लागते.

निष्ठेचे मोल

या सेवेचे फळ काय मिळाले? १६२९ मध्ये सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशहाच्या भेटीस दौलताबादेत गेले. तिथेच, भर दरबारात, पुत्रांसह त्यांची हत्या झाली. वतन, मनसब, मानमरातब यांपैकी काहीही त्यांना वाचवू शकले नाही. शहाजीराजांनी निजामशाहीचा एक बालवारस मांडीवर घेऊन ते राज्य सावरण्याचा यत्न केला, तो १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर संपला. शहाडहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतून आसनगावाजवळ जो सुळक्यांचा डोंगर दिसतो, तोच हा माहुली. मोगल आणि आदिलशाही यांनी निजामशाही वाटून घेतली आणि कल्याणचा मुलूख विजापूरच्या पदरात पडला. पराक्रम मराठ्यांचा, कारभार मराठ्यांचा आणि राज्य मात्र दुसऱ्याचे, हे या काळाचे सार आहे.

सुलतानी व्यवस्थेची खरी ताकद येथे होती. तिने देशमुखाला देशमुखाविरुद्ध उभे केले. एकाच वतनावर दोन भावांचे दावे असत आणि फर्मान देणारा हात दरबारात असे. वतनासाठी भाऊबंदांची डोकी उडत आणि न्याय मागायला दोघेही त्याच दरबारात जात. समाज दुबळा नव्हता. त्याची दृष्टी आपल्या वतनाच्या शिवेपलीकडे जात नव्हती.

शिवछत्रपतींचे उत्तर

शिवाजी महाराजांचे वेगळेपण केवळ लढायांत शोधणे अपुरे आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये त्यांनी कल्याण-भिवंडी घेतली, पाठोपाठ माहुली घेतला आणि कल्याणच्या खाडीत आरमाराचा पाया घातला. बंदर, वाट आणि किल्ला यांचे विसरलेले गणित पुन्हा मांडले गेले. त्याहून मोठे काम कारभारात झाले. सभासदाच्या बखरीत नोंद आहे की, वतनदारांचे वाडे-हुडे पाडून त्यांचे हक्क रोकड नेमून देण्यात आले. सरदारांना मुलूख तोडून देण्याऐवजी वेतन दिले गेले. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे परस्परांवर लक्ष ठेवून असत. गावानने जे सुलतानाचे आसन सांभाळण्यासाठी केले, तेच महाराजांनी रयतेसाठी अधिक नेटाने केले.

आणि माणसाचे मनही बदलले. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्माने आली. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेधे मात्र पाचही पुत्रांसह महाराजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले. एकच फर्मान, एकच मुलूख आणि दोन उत्तरे! सुलतानीचा पाया कुठे हलला, हे दाखवणारा याहून स्पष्ट क्षण इतिहासात नाही.

तो पाया कायमचा मोडला, असे मात्र म्हणता येत नाही. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या आमिषांना तोंड देताना वतने पुन्हा वाटावी लागली. पुढे सरंजामांचे राज्य उभे राहिले आणि शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आपापल्या हिशेबाने चालू लागले. इंग्रजांना नेमके हेच हवे होते. त्यांनी एकेकाशी वेगवेगळे तह केले.

म्हणूनच सुलतानांच्या राज्यपद्धतीचा अभ्यास हा शत्रुत्व जागवण्याचा उद्योग नसून आत्मपरीक्षणाचा आहे. आजच्या मुसलमान शेजाऱ्याकडे बोट दाखवून या इतिहासाची जबाबदारी झटकता येत नाही. ज्यांनी फर्मानासाठी आपला भाऊ विकला, ते आपलेच होते. ज्यांनी वतनावर पाणी सोडले, तेही आपलेच. पद, ठेका आणि तिकीट ही आजची वतने आहेत. ती हातात आली की राष्ट्राचा विचार मागे पडतो की पुढे येतो, याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते. जेध्यांनी आपले उत्तर देऊन ठेवले आहे.