ढेकणांची लाज कोणी बाळगावी?

लकडगंज हा नागपूरचा लाकूडबाजार. चांदा, बल्लारशा, गडचिरोलीकडचे सागवान येथे उतरते, आरामशीनवर चिरले जाते आणि त्यातून शहराचे पलंग, दारे आणि चौकटी तयार होतात. ओंडके उतरवणारा हमाल, आरामशीनवर उभा राहणारा मजूर, रंधा मारणारा सुतार यांना रात्री आपापल्या खोलीत झोप मिळते काय, हा प्रश्न मात्र कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेवर नाही. महागाईबद्दल चौकात तावातावाने बोलणारा माणूस ढेकणांचा विषय निघाला की आवाज खाली आणतो. घरात ढेकूण आहेत हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून बायका खाट मागच्या अंगणात नेऊन झटकतात. ज्या त्रासाची लाज वाटते त्याच्याविरुद्ध माणूस एकत्र येत नाही. ढेकणांचे खरे बळ या लाजेत आहे.

ही लाज लादलेली आहे, आणि ती अज्ञानावर उभी आहे. ढेकूण घाणीतून जन्मत नाही, लाकडातूनही जन्मत नाही. तो लाकूड खात नाही आणि केरकचराही खात नाही. त्याचे अन्न एकच, रक्त. सारवलेल्या झोपडीत आणि चकाचक हॉटेलात तो सारख्याच सुखाने राहतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून लंडन, न्यूयॉर्कच्या महागड्या हॉटेलांत तो पुन्हा दिसू लागला, तेव्हा तेथील स्वच्छता कमी झाली होती असे कोणी म्हटले नाही. आपल्याकडे मात्र ढेकणाच्या संगतीने हिराही भंगतो अशी म्हण करून ठेवली गेली आणि ज्याच्या घरी ढेकूण तो कुसंगतीचा, असा न्याय रूढ झाला. त्याहून शहाणी गोष्ट पंचतंत्रात आहे. तेथे ढेकूण राजाच्या शय्येत शिरतो. उतावीळपणे राजाला चावतो आणि सेवक शोधायला येताच पलंगाच्या फटीत दडून बसतो. सापडते ती त्या शय्येत आधीपासून मुकाट्याने राहणारी ऊ, आणि मारली जाते तीच. लकडगंजातल्या भाड्याच्या खोल्यांत आजही हाच न्याय चालतो. भेगाळलेली भिंत तशीच राहते, आणि 'घाणेरडा भाडेकरू' म्हणून दोष येतो तो त्या खोलीत राहणाऱ्यावर.

शत्रूची ओळख पटल्याशिवाय लढाई होत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटर लांबीचा, अख्ख्या मसुराएवढा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. रक्त प्यायला की तो फुगतो व लांबट होतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. जे उडते किंवा उडी मारते ते ढेकूण नव्हे. पिले फिकट, जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे ती नजरेतून सुटतात. अंडी मिलिमीटरभर लांबीची, पांढुरकी आणि फटीत चिकटवलेली. अंगावरच्या गांधींवरून मात्र निश्चित निदान होत नाही, कारण काहींच्या अंगावर त्या रांगेने उठतात, तर काहींच्या अंगावर काहीच उठत नाही. एकाच वाकळेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला खाज आणि दुसऱ्याला काहीच नाही, यावरून पहिला खोटे बोलतो असे ठरत नाही. खरा पुरावा अंथरुणात असतो. चादरीवर रक्ताचे बारीक डाग, गादीच्या शिवणीत व खाटेच्या सांध्यांत शाईच्या टिपक्यांसारखी काळी विष्ठा, टाकलेल्या काती, आणि उपद्रव वाढला असल्यास गोडसर कुबट वास. बाजेचे सुंभ, नवारीच्या घड्या, दिवाणाच्या प्लायवूडची मागची बाजू, स्क्रूची भोके, दाराची चौकट, भिंतीवरच्या कॅलेंडरची व तसबिरीची पाठ, विजेच्या बटणांची पाटी, या साऱ्या जागा रात्री बॅटरी घेऊन तपासल्या म्हणजे संशय उरत नाही.

आता या किड्याचे गणित पाहावे. एक मादी आयुष्यात २०० हून अधिक अंडी घालते. उष्ण हवेत ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात. पिलू पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी त्याला रक्त लागते, आणि साधारण दीड महिन्यात ते स्वतः अंडी घालण्याजोगे होते. फळलेली एकच मादी नवी वसाहत उभी करू शकते. ती येते जुन्या बाजारातून घेतलेल्या पलंगातून, गावाहून आणलेल्या वळकटीतून, पाहुण्याच्या पेटीतून. आणि एकदा आली की सामाईक भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जाते. जेथे दिवसपाळीचा मजूर उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा मजूर पाठ टेकतो, तेथे ढेकणाला उपास कधी घडतच नाही. अशा दहा खोल्यांच्या ओळीत एका खोलीने औषध मारले, तर उरलेले ढेकूण शेजारी सरकतात आणि काही दिवसांनी परत येतात. एकाने केलेल्या खर्चाचे फळ त्याला मिळत नाही आणि एकाने न केलेल्या खर्चाची शिक्षा सर्वांना होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की असे प्रश्न बाजार सोडवीत नाही. तरीही सल्ला दिला जातो तो एकच: दुकानातून बाटली आणा आणि आपले घर आपण पाहा.

या बाटलीचा इतिहास कार्यकर्त्यांनी माहीत करून घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे सर्व किड्यांवरचे ब्रह्मास्त्र मानले गेले. पण १९४७ सालीच हवाईतल्या पर्ल हार्बर येथे डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. सामान्य माणसाने या फवारणीचे स्वागत केले ते डासांपेक्षा ढेकूण मेले म्हणून. पुढे ढेकूण मरेनासे झाले, उलट फवाऱ्याने चिडून फटींतून बाहेर पडू लागले, तेव्हा अनेक ठिकाणी लोकांनी फवारणीसाठी दार उघडायलाच नकार दिला. किड्याच्या प्रतिकारशक्तीने हिवतापाविरुद्धच्या मोहिमेलाही अडथळा केला. डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधांचीही अनेक देशांत तीच गत झाली आहे. दर घराने आपापल्या मर्जीने, अर्धवट मात्रेत विष मारणे म्हणजे दुबळे ढेकूण मारून चिवट ढेकणांची निपज करणे होय.

घरातले औषध लागू पडत नाही असे दिसले की माणूस शेतातल्या विषाकडे वळतो, आणि येथे प्रश्न झोपेचा न राहता जिवाचा होतो. शेतीचे कीटकनाशक उघड्या शिवारात काय करते हे विदर्भाला सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. तेच विष दहा बाय दहाच्या बंद खोलीत, तान्ह्या मुलाच्या पाळण्याखाली मारल्यावर काय होईल? धान्यातल्या किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या त्याहून भयंकर. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे जेथे गरीब माणूस झोपतो तेथेच, रेंगाळतो आणि फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकण्यास कायद्याने मनाई आहे. लकडगंजाला खेटून इतवारीचा आणि पलीकडे कळमन्याचा धान्यबाजार आहे, म्हणून येथे हा इशारा दारोदार पोचला पाहिजे. डायक्लोरव्हॉस हे घराघरांत वापरले गेलेले विष २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे; कोणी ते जुन्या साठ्यातून देऊ केले तर घेऊ नये. रॉकेल किंवा पेट्रोल खाटेला चोपडण्याचा उपाय लाकडाच्या वखारींच्या वस्तीत कोणी सुचवू नये.

मग करावे काय? उपाय आहे, तो स्वस्त आहे, पण त्याला शिस्त लागते. ढेकूण आणि त्याची अंडी ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत तग धरू शकत नाहीत. खाट भिंतीपासून ओढून सुटी करावी आणि प्रत्येक सांध्यात, प्रत्येक भोकात उकळते पाणी ओतावे. आजी-पणजी हेच करीत असत आणि त्यांचे चुकत नव्हते. विजेच्या पाटीजवळ मात्र पाणी नेऊ नये. चादरी, खोळी, कपडे कढत पाण्यात भिजवून धुवावे. जे धुता येत नाही ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नागपूरच्या वैशाखात दिवसभर गच्चीवर ठेवावे. जाड गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, कारण ढेकूण तिच्या थंड बाजूला सरकतात. तिच्या शिवणी हाताने तपासाव्या लागतात. भिंतीच्या भेगा सिमेंटने व चौकटीच्या फटी लांबीने बुजवाव्या. खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, अंथरूण जमिनीला लोळू देऊ नये. अंडी मागाहून फुटतात म्हणून आठ-दहा दिवसांनी हेच पुन्हा करावे आणि किमान दीड महिना तपासणी चालू ठेवावी. या काळात झोपायची खोली बदलू नये, कारण ढेकूण सामानातून आणि माणसाच्या मागोमाग तेथेही जातो. पछाडलेली गादी रस्त्यावर टाकू नये, कारण ती उचलणारा आपल्याहून गरीब असतो. रासायनिक औषध वापरायचेच असेल तर ते घरगुती वापरासाठी परवाना असलेले असावे, जाणत्या माणसाच्या हातून मारलेले असावे, आणि नंतर दारे-खिडक्या सताड उघडून सांगितलेला वेळ बाहेर राहिल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: हे सारे संपूर्ण ओळीने एकाच दिवशी करावे.

संपूर्ण ओळीने करायचे म्हटले की खर्च आणि जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. घरमालक म्हणतात, ढेकूण भाडेकरूने आणले, त्याने निस्तरावे. पण ढेकूण ज्या भेगांत राहतात त्या कोणाच्या आहेत? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या १४ व्या कलमान्वये जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेता येतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. या कलमात ढेकणाचे नाव नाही, पण उखडलेला गिलावा आणि भेगाळलेली भिंत या दुरुस्तीच्याच गोष्टी आहेत. जेथे ढेकणाचे नाव कायद्यात घालावे लागले तेथे ते घातले गेले. फ्रान्सने २०१८ साली घर भाड्याने देताना ते उपद्रवी किड्यांपासून मुक्त असले पाहिजे अशी अट घरमालकावर घातली, आणि २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांचा बोभाटा झाला तेव्हा तेथील मंत्र्यांना बैठका घ्याव्या लागल्या. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून नव्या भाडेकरूला त्या घरातल्या ढेकणांचा पूर्वेतिहास लिहून द्यावा लागतो. पॅरिसच्या भाडेकरूची झोप ही राज्यकर्त्यांची जबाबदारी ठरते आणि लकडगंजच्या हमालाची झोप त्याची खाजगी बाब राहते, हे कोणत्या न्यायाने?

सरकारी उत्तर ठरलेले आहे. ढेकूण रोग पसरवत नाही, म्हणून तो कीटकजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बसत नाही. ढेकणाच्या चाव्यातून रोग पसरल्याचे सिद्ध झालेले नाही हे खरे आहे, आणि लोकांना घाबरवण्यासाठी खोटे बोलण्याचे कारण नाही. पण रोग हीच काय ती हानी? खाजवून चिघळलेल्या जखमा, रात्रभर रडणारी मुले आणि सकाळी आरामशीनच्या फिरत्या पात्यासमोर तांबारलेल्या डोळ्यांनी उभा राहणारा मजूर, ही हानी कोणत्या रकान्यात मोडते? त्या मजुराचे बोट कापले गेले तर नोंद अपघात म्हणून होते. त्याच्या आदल्या रात्रीची नोंद कोठेच होत नाही. डास बंगल्यातही शिरतो आणि बंगलेवाल्यालाही डेंगी होतो, म्हणून डासासाठी धुराची गाडी फिरते. ढेकणाचा उपद्रव झालेला बंगलेवाला पैसे मोजून माणूस बोलावतो आणि त्याचा प्रश्न मिटतो, म्हणून तो सार्वजनिक ठरत नाही.

चळवळीतही काहींना हा विषय क्षुल्लक वाटेल. किमान वेतन, घरांचे हक्क, बेकारी असे मोठे प्रश्न पडले असताना ढेकणांवर सभा घ्यायची काय, असे ते विचारतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की भाड्याच्या दहा खोल्यांतली माणसे एका दिवशी एकत्र येऊन खाटा बाहेर काढतात, घरमालकाला एका कागदावर सह्या करून सूचना देतात, तेव्हा त्यांच्या हाती जे येते ते ढेकणांबरोबर संपत नाही. वेतनाच्या सभेला न येणारी गृहिणी या कामाला पहिली येईल, कारण रात्री दिवा लावून बसण्याची पाळी तिच्यावर येते.

म्हणून लकडगंजातल्या कार्यकर्त्यांनी उन्हाळा लागताच कामाला लागावे. प्रत्येक ओळीतल्या खोल्यांची पाहणी करावी, ती करताना कोणाचेही घर नावाने जाहीर करू नये, भेगाळलेल्या भिंतींची यादी करून घरमालकांना लेखी सूचना द्याव्या. महापालिकेच्या लकडगंज झोन कार्यालयाकडे तीन मागण्या न्याव्या: वस्त्यांमध्ये ढेकणांची तपासणी करणारा कीटकतज्ज्ञ, गरिबांच्या वस्तीत फिरवता येतील अशी वाफेची यंत्रे, आणि धान्यातल्या गोळ्यांची व शेतीच्या विषाची चोरटी विक्री करणाऱ्या दुकानांवर संबंधित खात्यांमार्फत कारवाई. मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पाणी उकळायला परवानगी लागत नाही. शेजारच्या दारावर थाप मारून "तुमच्याकडेही आहेत ना?" एवढे विचारण्यापासून सुरुवात करता येते.