वजनकाट्यापुढची लाज

ओपीडीत वजनकाटा ठेवलेला असतो तिथे थोडा वेळ उभे राहिले, की बरेच काही दिसते. पुरुष चपला काढून सरळ काट्यावर चढतात. बायका आधी मागे वळून रांगेकडे बघतात. पर्स, मोबाइल, स्वेटर बाजूला ठेवतात आणि आकडा मोठ्याने सांगू नका, असे नर्सला हळूच सांगतात.

सोमेश्वरनगरच्या बाजूच्या एका गावातल्या ताई अशाच होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, सहा वर्षांचा मधुमेह. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचे असे ठरवून चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवले. भावकीत कौतुक झाले. मग सासूबाईंचे आजारपण आले, पाठोपाठ मुलीचे बाळंतपण. घरात डिंकाचे लाडू होत होते, रात्री जागरणे होती. नऊ किलो गेले तसे परत आले, वर दोन आणखी. त्यानंतर ताई दवाखान्यात यायच्याच थांबल्या. आठ महिन्यांनी आल्या त्या पायाला जखम घेऊन. साखर तीनशेच्या वर.

"गोळ्या का थांबवल्या?" मी विचारले.

"वजन वाढलं होतं साहेब. तुम्ही वरडणार, म्हून आलेच न्हाई."

मी त्यांचा जुना केसपेपर काढून पाहिला. पाच भेटींत, माझ्याच अक्षरात, पाच वेळा एकच वाक्य होते: वजन कमी करा. किती, कसे, त्यांना कुठे अडते आहे, यातले काहीच नव्हते. जखम मधुमेहाने झाली हे खरे, पण ती आठ महिने घरात लपून राहिली ती लाजेमुळे. त्या लाजेत माझाही वाटा होता.

हे आज लिहायचे कारण, सध्या देशभर स्थूलतेविरुद्ध वातावरण तयार होते आहे. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घरातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. वजन उतरवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली आहेत. हे सगळे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. प्रश्न खरा आहे. पण स्थूलतेविरुद्धची मोहीम गावात, घरात आणि ओपीडीत उतरता उतरता स्थूल माणसाविरुद्धची मोहीम होऊन बसते. तसे झाले की रोग कमी होत नाही, रुग्ण दिसेनासा होतो.

पुण्याने जगाला सांगितलेली गोष्ट

वजनाचा आकडा आणि आरशातली आकृती यांवर आपण फार भिस्त ठेवतो. आपल्या शरीरांच्या बाबतीत हे दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत, हे जगाला सांगितले ते आपल्याच जिल्ह्याने.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर महिलांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बहुतेक शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण नवल पुढे होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ बारीक, पण आतून चरबी राखून असलेले.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'ने एक छायाचित्र छापले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

याचा अर्थ असा, की आपल्याकडे सडपातळ दिसणारा माणूस निर्धास्त राहू शकत नाही. आणि ज्याला आपण जाड म्हणून हिणवतो, त्याने आळसाने हे ओढवून घेतले असेही म्हणता येत नाही. शरीराची घडण काही अंशी आईच्या पोटातच ठरते. आधीच्या पिढ्यांनी सोसलेली अर्धपोटी वर्षे आपण आपल्या पोटावर वागवतो आहोत, असे अनेक संशोधकांना वाटते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणली आहे. २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

आपल्या भागात तर हा बदल डोळ्यांदेखत झाला. कालव्याच्या पाण्याने ऊस आला, उसाने कारखाना आणि पैसा आणला. विहिरीवरून पाणी शेंदणे, दळण डोक्यावर नेणे, रानात दिवसभर वाकणे गेले. ऊस तोडायला कोयत्याच्या टोळ्या बाहेरून येतात. कारखान्याच्या परिसरात फिका चहा मागणे म्हणजे यजमानाचा अपमान! शरीर जुन्या दिवसांचे, दिवस मात्र नवे.

माझ्या रांगेत बागायतदाराच्या घरची बाई असते आणि तिच्या मागे चाळीस किलोची ऊसतोड कामगार बाई. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण पाचातल्या एका बाईचे वजन कमी आणि चारातल्या जवळपास एकीचे जास्त निघाले. दोघी काट्याला सारख्याच बिचकतात. एकीला 'वाळलीस गं' ऐकावे लागते, दुसरीला 'सुटलीस गं'. कुणी जाड झाले की 'तब्येत सुधारली' म्हणायचे दिवस फार जुने नाहीत. पारखणाऱ्यांची फूटपट्टी एका पिढीत उलटी झाली, पारखणे मात्र तसेच राहिले.

टोमण्याने वजन उतरते का?

'लाज वाटली तर सुधारेल' हा आपला जुना समज आहे. शाळेत, घरात आणि दवाखान्यातही. अभ्यास वेगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या २,९४४ प्रौढांची चार वर्षांची माहिती प्रसिद्ध केली. वजनावरून अपमानास्पद वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्यांचे वजन त्या काळात सरासरी ०.९५ किलोने वाढले. बाकीच्यांचे ०.७१ किलोने घटले. अशा अभ्यासातून कारण थेट सिद्ध होत नाही, पण टोमण्याने फायदा झाल्याची खूणही त्यात नाही.

यामागची साखळी रुग्णांच्या बोलण्यात सहज सापडते. अपमान झाला की मन खट्टू होते. खट्टू मन गोडाकडे किंवा तळणाकडे वळते. लोक बघतील म्हणून चालायला जाणे बंद होते. डॉक्टर बोलतील म्हणून तपासणी टळते. शेवटी 'आपल्याच्याने होणार नाही' ही खूणगाठ पक्की होते.

याउलट प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये ८४ विद्यार्थिनींपैकी काहींना आधी गोड डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना सांगितले, की असे सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार बोल लावू नका. नंतर सगळ्यांपुढे गोळ्या-चॉकलेट ठेवले. खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या आणि मनाला लावून घेणाऱ्या मुलींमध्ये, हे मायेचे दोन शब्द ऐकलेल्या मुलींनी पुढे कमी खाल्ले. आपल्याला उलट वाटले असते.

कारण सोपे आहे. 'आज उपास मोडलाच, आता काय राहिले' या विचाराने आपण एका वड्यावरून चार वड्यांवर जातो. नुकसान पहिल्या वड्याने फार होत नाही. नंतरच्या तीन वड्यांनी होते, आणि ते तीन वडे अपराधीपणा खायला लावतो.

परत वाढलेले वजन

ताईंचे नऊ किलो परत आले, तेव्हा त्यांना वाटले की आपला निश्चय कच्चा. मलाही तेच वाटले होते. शरीरशास्त्र तसे म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात वजन उतरवलेल्या ५० जणांच्या रक्तातली भुकेची संप्रेरके तपासली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वजन उतरवल्यानंतर एक वर्ष उलटूनही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि भूकही वाढलेलीच आढळली. उतरलेले वजन शरीराला दुष्काळाची चाहूल वाटते आणि ते भरपाई मागू लागते. नव्या इंजेक्शनांचेही तेच. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. त्यामुळे परत वाढलेले वजन हा चारित्र्याचा दाखला नाही. ती दीर्घ आजाराची रीत आहे. रक्तदाब परत वाढला म्हणून आपण कुणाला लाजवतो का?

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या पद्धतींवरून घराघरांत वाद रंगले. एकीकडे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण. दुसरीकडे थोड्या थोड्या अंतराने, आपल्या मातीतले खाणे. या वादाने हजारो लोक आपल्या ताटाकडे डोळसपणे बघू लागले, हे मोठेच काम झाले. पण लग्नाच्या पंगतीत 'तू दीक्षित की दिवेकर' विचारणाऱ्यांनी एक प्रश्न क्वचितच विचारला. पद्धत मोडल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो? माझ्या अनुभवात कुठलीही पद्धत किती दिवस टिकते, हे बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

माया म्हणजे सूट नव्हे

यावर एक रास्त शंका येते. स्वतःवर प्रेम करा, शरीर आहे तसे स्वीकारा, असे सांगितले तर लोक वजन उतरवतील कशाला? मधुमेह, गुडघे, यकृतातली चरबी यांना स्वीकाराचे काय कौतुक?

शंका बरोबर आहे, म्हणून फरक स्पष्ट करतो. शरीराचा आदर म्हणजे रोगाकडे डोळेझाक नव्हे. ज्या म्हशीच्या दुधावर घर चालते, ती आजारी पडली तर आपण तिला शिव्या देत बसत नाही, वेळेवर औषध करतो. शरीराशी तेवढे तरी वागावे. ज्या पायांनी चाळीस वर्षे रान तुडवले, ज्या पोटाने मुले वाढवली, ते शरीर तिरस्काराचे धनी नाही. ज्याची आपल्याला किंमत असते, त्याचीच आपण निगा राखतो.

शिवाय फायदा फक्त काट्यावर दिसतो असेही नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षे केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्यातल्या बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, तेही वजनात फारसा फरक न पडता! काट्यावर आकडा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

करायचे काय?

ध्येय लहान ठेवा. ऐंशी किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवून टिकवले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू शकतो. लग्नातल्या फोटोतले वजन गाठायची गरज नाही.

वजन आठवड्यातून एकदाच करा. महिन्यातून एकदा टेपने कमर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध. रोजचा काटा रोजचा निकाल लावतो.

स्नायू वाढवा. आपल्या शरीरात तोच कमी आहे. कालव्याकडेने रोज अर्धा तास भरभर चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ताटात मटकी, हुलगे, डाळ, अंडी, दही यांतले काहीतरी रोज हवे. चहातली साखर एकदम सोडू नका, महिन्याला अर्धा चमचा कमी करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर विचारल्याशिवाय उपास किंवा नवी पद्धत सुरू करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

पथ्य मोडले तर पुढचे जेवण नेहमीसारखे घ्या. शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. शेजारणीचे पथ्य मोडले असते तर तिला जे बोलला असता, तेच स्वतःशी बोला.

घरच्यांसाठी एवढेच, की ताटावर बसलेल्या माणसाच्या वजनाचा विषय काढू नका. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नको. आणि कुणी उपाशी राहून खंगत असेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, तर कौतुक न करता डॉक्टरांना दाखवा.

आम्हा डॉक्टरांचेही चुकते. एका ओपीडीत शंभरावर रुग्ण असतात, हे खरे. तरी 'वजन कमी करा' म्हणायला लागतो तेवढाच वेळ 'या महिन्यात कशाने अडले?' हे विचारायला लागतो. आमच्याकडे आता काटा पडद्याआड सरकवला आहे. त्याला पैसे लागले नाहीत.

ताईंची जखम भरायला अडीच महिने लागले. बोट वाचले. वजन दीड किलोनेच उतरले आहे, पण साखर आटोक्यात आली आहे आणि महिन्याच्या तारखेला त्या न चुकता येतात. मागच्या खेपेला वजन अर्धा किलो वाढले होते. त्यांनी स्वतःच सांगितले, गौरी-गणपतीत करंज्या झाल्या म्हणून. मी केसपेपरवर तसे लिहिले आणि पुढची तारीख दिली.