नावाचे भांडवल

एखादा नट वा खेळाडू मोठ्या आजारातून उठला, की थोड्याच दिवसांत त्याच्या नावाची आरोग्यसंस्था निघते. हे योग्य की अयोग्य? आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जमाखर्च मांडल्याखेरीज निकाल देण्याची सवय नाही. तेव्हा आधी जमेची बाजू पाहू.

आपल्याकडे आजही कर्करोगाचे नाव घरात दबक्या आवाजात घेतले जाते. नर्गिस १९८१ साली कर्करोगाने गेल्या आणि सुनील दत्त यांनी त्यांच्या नावे संस्था उभारली. २०११ चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराजसिंगनेही आपला आजार लपवला नाही. बरा होताच त्याने कर्करुग्णांसाठी संस्था काढली. प्रसिद्ध माणूस बोलला की सामान्य माणसाची भीड चेपते. हा लाभ लहान नव्हे.

आता खर्चाची बाजू. नवी संस्था म्हटली की कचेरी आली, कारकून आले, हिशेबतपासनीस आला, जाहिरात आली. देणगीचा रुपया रुग्णाकडे निघतो खरा, पण वाटेत त्याला पुष्कळ थांबे लागतात. शिवाय संस्थेची पत एकाच माणसाच्या अब्रूला बांधली जाते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९७ साली कर्करुग्णांसाठी संस्था काढली. तिची पिवळी कडी जगभर लोकांच्या मनगटांवर दिसू लागली. २०१२ मध्ये उत्तेजक औषधांच्या प्रकरणात त्याची सातही विजेतेपदे गेली. त्याला संस्थेतून बाहेर पडावे लागले आणि संस्थेला आपल्या नावातून त्याचे नाव गाळावे लागले. यात रुग्णांचा काय अपराध?

दुसरा मार्गही आहे. अमिताभ बच्चन यांनी पोलिओसाठी स्वतःची संस्था काढली नाही. लस सरकारची, पायपीट आरोग्यसेविकांची. त्यांनी दिला तो फक्त आवाज. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. आणि आमच्या कन्नड विभागातील मित्रांना डॉ. राजकुमारांविषयी मी काय सांगावे! बंगळूरच्या एका नेत्ररुग्णालयाच्या नेत्रपेढीला त्यांनी नाव दिले आणि २००६ साली मृत्यूनंतर डोळेही दिले. २०२१ मध्ये पुत्र पुनीत यांनी तोच वारसा चालवला. त्यांच्या डोळ्यांनी चौघांना दृष्टी मिळाली. पेढी डॉक्टरांनी चालवली, विश्वास राजकुमारांनी मिळवून दिला.

म्हणून माझे मत असे : जे काम कोणीच करीत नाही, त्यासाठी नवी संस्था जरूर काढावी. पार्किन्सनच्या संशोधनासाठी नट मायकेल फॉक्सने २००० साली काढली, तशी. पण काम आधीच चालू असेल, तर तिथे आपले नाव द्यावे आणि दरसाल हिशेब मागावा. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकणाऱ्या रुग्णाला उद्‌घाटनाची फीत नको असते; त्याला रात्रीपुरती खोली हवी असते.

ताळेबंदात ख्याती ही अदृश्य मालमत्ता म्हणून दाखवतात. ती लोकांनीच दिलेली असते. मग ती कुणाच्या खात्यावर जमा व्हावी, हे विचारण्याचा अधिकारही लोकांचाच.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष