चार चाकं, चार जातीचे टायर

आज बोंडअळीवर नाही, टायरवर लिहितोय. वाचून काही जणांना राग येईल, आला तर येऊ द्या.

आपल्याकडं आता घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत दोन-चार जुन्या गाड्या आल्यात. चांगलंच आहे. आईला दवाखान्यात न्यायला कुणाच्या जीपची वाट बघावी लागत नाही. पण गाडी दारात आली की पहिला पैसा कशावर जातो ते बघा. सीट कव्हर, टेप, मागच्या काचेवर पोराचं नाव. आणि खाली वाकून बघितलं तर चार चाकांना चार जातीचे टायर. एक २०१६ चा, एक २०२२ चा, एक रबर चढवलेला, एकाचं तर मापच वेगळं. विचारलं की उत्तर तयार : "चालतंय की, नक्षी आहे अजून."

नक्षी आहे म्हणून चालतं, मग एका जुवाखाली एक खोंड आणि एक थकलेला बैल का जुंपत नाही आपण? दोघांना चार-चार पाय आहेतच की. जोडी जमली नाही तर एकाच्या मानेला गळू येतं आणि नांगर वाकडा चालतो, हे आपल्याला आजोबांपासून माहीत आहे. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर आणि मुदत चष्मा लावून वाचतो. टायरवर तारीख असते हे मात्र दहातल्या आठ जणांना माहीत नाही.

तर बघा. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२ वा आठवडा. कधी एका बाजूला पूर्ण नंबर नसतो, मग आतली बाजू बघायची, त्यासाठी आडवं पडावं लागलं तरी पडा. रबर उन्हानं आणि वयानं कडक होतं, नक्षी कितीही उभी असली तरी. बाजूवर भेगा दिसल्या, फुगा दिसला, तर विषय संपला. नक्षीच्या खाचेत मधेमधे बारीक उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर बाद. हे मी म्हणत नाही, टायर बनवणाऱ्यानंच ती खूण घालून ठेवलीय.

गेल्या महिन्यात मी पेट्रोलची लहान जुनी गाडी घेतली. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर माप आहे १४५/८० आर १३. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची. मागच्या एका चाकाला तेच माप होतं. शेजारच्याला १५५/८० आर १३. विकणारा म्हणाला, "दादा, मोठा टायर आहे, फायदाच आहे तुमचा."

फायदा काय होतो त्याचा हिशेब केला. १४५ वाल्याचा घेर निघतो साधारण १७६६ मिलिमीटर, १५५ वाल्याचा १८१६. एका फेऱ्याला ५० मिलिमीटरचा फरक. म्हणजे सरळ रस्त्यावर एका किलोमीटरला लहान चाक मोठ्यापेक्षा पंधरा फेरे जास्त मारणार. मागं हे धकून जातं असं वाटतं, पण ब्रेक मारला की दोन बाजूंची पकड वेगळी पडते. अशी जोडी पुढच्या चाकांना असती तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला वळणावर चालल्यासारखं सारखं राबावं लागलं असतं, आणि गाडी एका बाजूला ओढली असती. मग आपण अलाइनमेंटवाल्याला शिव्या देणार. टायरचे पैसे मी सौद्यातच कापून घेतले. गाडी घेताना इंजिन ऐकता, पत्र्यावर टिचकी मारता, तसे पाच टायर मोजा. पाच म्हणतोय, स्टेपनी धरून.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांत सरळ माणसं आहेत. पण टायरला काळं पॉलिश मारून उभा करणारे, गुळगुळीत टायरला गरम पात्यानं खाचा पाडून नवी नक्षी दाखवणारेही आहेत. खाच पाडली की खालचं रबर आणखी पातळ होतं. असल्या टायरवर तुमची लेकरं बसतात.

आता सबबी. "आम्ही गाव ते तालुका एवढंच फिरतो." अहो, गाव ते तालुका हाच तर वाईट रस्ता. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकानं काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, वरून भुरभुर पडली की रस्ता साबणासारखा होतो. तिथं एका चाकाला धरायला नक्षी आहे आणि शेजारच्याला नाही, तर ब्रेक लागल्यावर गाडी कुठल्या बाजूला फिरेल सांगता येत नाही. आणि वर्षातून एकदा का होईना, तीच गाडी घेऊन समृद्धीवर चढताच ना? तिथं मोटारीला १२० ची मर्यादा, मे महिन्यात तापलेलं काँक्रीट, गाडीत सात माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं. १४५/८० आर १३ च्या टायरवर ७५ हा आकडा असतो, तो भाराचा. एका टायरला ३८७ किलोच. पोतं मोजा, माणसं मोजा.

दुसरी सबब, "एकेक करून बदलू." इथूनच चार जाती तयार होतात. एकदम चार घेणं जमत नसेल तर समजू शकतो, सोयाबीनचा भाव मलाही माहीत आहे. पण मग निदान जोडी घ्या. एका आसावर दोन्ही टायर एका मापाचे, एका बनावटीचे, सारख्या झिजेचे. पुढची जोडी एका कंपनीची आणि मागची दुसऱ्या, इतकं एक वेळ चालेल. डावा-उजवा वेगळा चालणार नाही.

आणि जोडी घेतली तर ती मागं बसवा. इथं दुकानदार तुमच्याशी भांडेल. "इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, नवीन पुढंच पाहिजे" असं तो म्हणेल, तुमचा मेहुणाही म्हणेल. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की वेग कमी होऊन पुन्हा धरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातचं काम नाही. म्हणून चांगली पकड मागं. भांडा, पण मागंच बसवून घ्या.

ज्यांच्याकडं फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे त्यांना तर हे सांगायची गरज नाही. पुढचा टायर भलत्या मापाचा टाकला की पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडतं, डांबरावर फोर व्हील टाकून पळवला की गिअर रडतात. ट्रॅक्टरला जे कळतं ते मोटारीला का कळत नाही?

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. पक्कं बिल मागा, दुकानात बसवायच्या आधी तारखेचे आकडे स्वतः वाचा. उन्हात टांगलेला दोन वर्षांचा माल नवा म्हणून गळ्यात मारू देऊ नका. मला चार टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून साडेतेरा हजार लागले. एका बॅटरी पंपाच्या आणि दोन फवारण्यांच्या पैशात झालं.

काढलेल्यातला २०१६ चा टायर पंक्चरवाल्यानं मागितला, दोनशे देतो म्हणाला. काय करणार विचारलं तर म्हणाला, "एक गिऱ्हाईक आहे, नुकतीच गाडी घेतलीय, त्याला एक कमी पडतोय." दिला नाही. घरी आणून दोन्ही बाजू कापून टाकल्या, आता कुणाच्या रिमवर चढणार नाही. कडं गोठ्यात पडलंय, पाण्याची घमेली त्यात बसवली की कालवड ती उलथवत नाही.