हुकूम कशाचा?

वाचकहो, गेल्या काही लेखांत मधुमेह आणि रक्तदाब यांच्या पथ्यांनी मी आपणांस पुरेसे शिणवले आहे. आज विषय खेळाचा आहे. मात्र लिहिणारा खेळाडू अगदी सुमार दर्जाचा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

दिवाळीत भाचा आपले व्हिडिओ गेमचे यंत्र घेऊन आमच्याकडे आला. ते टीव्हीला जोडायचे, हातात एक कांडी धरायची आणि ती फिरवली की पडद्यावरचा खेळाडू टेनिस खेळतो. चेंडू पडद्यावर होता. धावलो मात्र मी खराखुरा. पहिल्याच फटक्यात मी चिवड्याचा डबा लवंडला, दुसऱ्यात तिपाईला ठेचकाळलो. तरीही जिद्दीने दोन तास खेळलो आणि बारा वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याकडून सपाटून हरलो. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा वर उचलेना. दवाखान्यात एका आजोबांनी काळजीने विचारले, "डॉक्टर, पडलात की काय?" मी म्हणालो, "नाही, टेनिस खेळत होतो." त्यांनी माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिले. तो आदर टिकावा म्हणून 'बैठकीच्या खोलीत' हे दोन शब्द मी गिळून टाकले.

पुढे कळले की या मूर्खपणात मी एकटा नव्हतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मान्यवर नियतकालिकात २००७ साली एका २९ वर्षांच्या शिकाऊ डॉक्टरच्या अशाच खांदेदुखीची नोंद प्रसिद्ध झाली आहे. तोही पडद्यावरचेच टेनिस खेळला होता. खऱ्या टेनिसमध्ये दमल्यावर माणूस थांबतो. येथे चेंडूला वजन नसल्याने थांबण्याची आठवणच राहत नाही. म्हणून ज्येष्ठांनी हे खेळ खेळावेत, पण भोवतालची तिपाई, सतरंजी आणि वायर दूर करून, शक्यतो खुर्चीत बसून आणि पंधरा-वीस मिनिटांपुरतेच. गरगरले, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर डाव तेथेच सोडावा.

खांद्याने अशी रजा घेतल्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही पत्ते काढले. मेंढीकोट हा आमच्या घरातील वडिलोपार्जित खेळ. माझे वडील, आमचे नाना, आज ८१ वर्षांचे आहेत. बावन्न पानांपैकी कोणते पान पडले आणि कोणते कोणाच्या हाती उरले, हे त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ असे. माझ्या चुकीच्या उतारीवर ते मला भर मांडवात बोलले आहेत, तेही माझ्याच लग्नाच्या आदल्या रात्री.

त्या संध्याकाळी नाना आणि मी भिडू होतो. हुकूम इस्पिकचा झाला. दोन हात झाले आणि नानांनी विचारले, "हुकूम कशाचा?" मी सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले आणि लगेच माझ्याच बदामाच्या एक्क्यावर हुकूम टाकला. आपल्याच भिडूचा एक्का कापला! मुले खो खो हसली, मीही हसलो. पुढच्याच डावात चारही दश्श्या प्रतिपक्षाने नेल्या. आमच्यावर मेंढीकोट झाला आणि मी त्याचे खापर दिवाळीच्या दगदगीवर फोडून मोकळा झालो.

रात्री मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आजोबा गेल्या दिवाळीला असं विचारत नव्हते."

रुग्णांच्या नातेवाइकांना 'बदल कधीपासून जाणवतो?' असे रोज विचारणारा मी, स्वतःच्या घरात तोच प्रश्न विचारायला विसरलो होतो.

तपासण्या केल्या. एका कानात मळाचा खडा बसला होता. म्हणजे हुकूम त्यांना धड ऐकूच येत नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होते. नाना शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत. या औषधाच्या दीर्घ वापराने बी-१२ घटू शकते, हे मी इतरांना सांगत आलो आहे. नानांची गोळी मीच चालू ठेवली होती; तपासणी मात्र कधी केली नव्हती. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

कान साफ झाला, बी-१२ची इंजेक्शने दिली. तीन-चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. पूर्वीचे नाना संपूर्ण परतले, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक विस्मरणामागे असे सुधारता येणारे कारण सापडेल, असेही नाही. पण बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, ऐकू न येणे, मोतीबिंदू, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या ही कारणे शोधल्याशिवाय 'वय झाले' हा शेरा कोणी मारू नये. गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक उद्भवला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. तसेच हा लेख वाचून कोणी मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना बी-१२ची तपासणी हवी का, एवढे जरूर विचारावे.

खेळाने स्मृतिभ्रंश टळतो का, असे अनेकजण विचारतात. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र त्यामुळे खेळ हे औषध ठरत नाही. कदाचित ज्यांची स्मृती आधीच ढासळू लागते, तेच खेळ प्रथम सोडत असतील. मला तर खेळ हा औषधापेक्षा आरसा वाटतो. वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या घरालाच भिडूतला बदल दिसतो.

म्हणून खेळत राहावे. मोठ्या अक्षरांचे पत्ते आणावेत, दिवा पाठीमागून यावा, टीव्ही बंद असावा. मेंढीकोट झेपेनासा झाला तर झब्बू खेळावा, तोही जड गेला तर सापशिडी. चूक झाल्यास चारचौघांत हसू नये आणि मुद्दाम हरूही नये. म्हाताऱ्या माणसाला दोन्ही कळते.

आता आम्ही हुकमाचा रंग मोठ्या कागदावर लिहून मध्ये ठेवतो. परवा डाव रंगात असताना मीच विचारले, "हुकूम कशाचा?" नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुझं बी-१२ तपासलंस का रे?"

वाचकहो, तपासले.