‘सवय होईल’ हा सल्ला आता पुरे!

गणपती आले की स्वमग्न मुलाच्या आईला हमखास सल्ला मिळतो, “मिरवणुकीत ने त्याला, सवय होईल.” कृपा करून हा सल्ला देऊ नका. कान झाकून किंचाळणारं मूल हट्टी किंवा लाडावलेलं नसतं. अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूला नको असलेला आवाज, उजेड, गर्दी बाजूला सारणं जड जातं. सगळं एकदम अंगावर येतं. अशा वेळी बळजबरी केली तर भीतीच पक्की होते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे. मग आवाज कमी करा म्हणणारी आई सणाची वैरीण कशी?

पालकांनो, दिवसाचा कार्यक्रम मुलाला आधी चित्रांतून सांगा. कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवा. घरातली एक खोली शांत राखा. आरतीला तो दोनच मिनिटं थांबला तरी पुष्कळ झालं. नातेवाइकांनी नाकं मुरडली तर मुरडू द्या.

आणि मंडळांनो, त्या घरापुढून जाताना ढोल थांबवा. बाप्पा रागावणार नाही.