वकिलाच्या पाटीवर काय लिहावं?

मंडळी, मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुने विद्यार्थी अजून विचारतात, "सर, चांगला वकील कोण हो?" कुणाची जमीन समृद्धी महामार्गात गेलेली असते आणि मोबदला कमी वाटत असतो. कुणाच्या घरी वाटणीचा वाद, तर कुणाचा कमावता मुलगा अपघातात गेलेला. वाशीमला वकिलांच्या पाट्या काही कमी नाहीत, पण सगळ्या सारख्याच! नाव, पदवी आणि 'अ‍ॅडव्होकेट'. डॉक्टरच्या पाटीवरून हाडांचा की डोळ्यांचा ते तरी कळतं.

यात वकिलांचा दोष नाही, नियमच तसा आहे. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं जे नियम केले, त्यातला ३६ वा नियम सांगतो की वकिलानं जाहिरात करू नये, दलालांमार्फत काम मिळवू नये, पाटी बेताच्या आकाराची असावी. आणि आपण अमुक प्रकारच्या कामातले तज्ज्ञ आहोत, असं पाटीवर लिहू नये. पूर्वी न्यायाधीश होतो, हेही लिहायचं नाही.

नियमामागचा हेतू मला पटतो. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील अशिलांवर अक्षरशः झडप घालतात, अशी तक्रार झाली होती. ते प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्याय म्हणजे काही आठवडी बाजारातली भाजी नव्हे, की ओरडून विकावी.

पण २००८ मध्ये याच नियमात दुरुस्ती झाली. वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देता येऊ लागलं. म्हणजे जे संकेतस्थळावर चालतं, ते पाटीवर चालत नाही! मानोऱ्याहून एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या बाईला पाटीच दिसते, आणि पाटी तर गप्प. मग बोलतो कोण? चहाच्या टपरीवर बसलेला दलाल. ज्याला हटवण्यासाठी नियम केला, त्याचंच फावतं.

यावर कुणी म्हणेल, उद्या जो तो पाटीवर 'तज्ज्ञ' लिहील. शंका रास्त आहे. विद्यार्थ्यानं स्वतःचा पेपर स्वतः तपासू नये, हे मी जन्मभर सांगत आलो. पण दुसऱ्यानं नीट तपासून दिलेले गुण सांगायलाही बंदी का असावी? अमेरिकेत टेक्सास राज्यानं १९७४ मध्ये वकिलांना विषयवार तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र देणारं मंडळच नेमलं. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, मान्यवर संस्थेनं खरोखर दिलेलं प्रमाणपत्र वकिलाला आपल्या पत्रावर छापता येईल, असा निर्णय दिला. आपल्याकडे बार कौन्सिल अशी विषयवार परीक्षा घेतच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की बार कौन्सिलनं भूसंपादन, अपघात नुकसानभरपाई, कौटुंबिक वाद अशा विषयांत परीक्षा आणि अनुभव पाहून प्रमाणपत्र द्यावं. ते कुणी दिलं आणि कोणत्या वर्षी, ही एक ओळ पाटीवर लिहू द्यावी. ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी व्हावी. खोटं लिहिणाऱ्याला मात्र शिक्षा हवी. फोटो नको, 'हमखास यश' नको, फ्लेक्स तर नकोच नको.

तोवर गावाकडच्या नातेवाइकांना एक सांगून ठेवा. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. फोन क्रमांक १५१००. टपरीवर विचारण्याआधी तिथं विचारावं.

असो. आपल्या घरात कुणी वकील असतील, तर त्यांचं मत ऐकायला मला आवडेल, विरुद्ध असलं तरी!